उकंड्यावरचं लेकरू

आमच्या शेजारच्या आनंदाबाईनं साठेक वर्षांपूर्वी एक तान्हं लेकरू मारून उकंड्यावर टाकलं, आणि अख्खं आंजी गाव तेव्हापासून तोंड शिवून बसलं आहे, ही बातमी मला पुण्याहून कळली. तिची आणि माझी भिंत एक. तिच्याकडे फोडणी पडली की शिंक मला येते. एवढ्या जवळून मला खून दिसला नाही, हा माझा अपमानच होता. आळीत काही घडावं आणि ते मला परक्याकडून कळावं, असं आजवर झालेलं नाही.

तेव्हा आधी दुरुस्ती. लेकरू कोणी मारलं नव्हतं. उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, टाकलं होतं हे खरं. पण टाकलं त्याच्या आईनं, आणि उचललं आनंदाबाईनं. ते लेकरू सध्या माझ्या दारासमोर राहतं. त्याला रक्तदाबाची गोळी लागते, वरचे दात कवळीचे आहेत, आणि कॅरम खेळताना कोणाचं लक्ष नसलं की सोंगटी बोटानं पुढं सरकवतं. नाव रूपराव. एस.टी.त कंडक्टर होते.

आता आनंदाबाईचं सांगते. तिला सगळे आनंदामाय म्हणतात, मीही म्हणते. माझं माहेर आणि सासर दोन्ही याच आळीत, फक्त टोक बदललं; म्हणून मी तिच्या पायांवरची, आणि माझी पोरंही तिच्याच पायांवरची. तान्ह्या लेकरांना न्हाऊ घालणं हे तिचं काम. बुटक्या पाटावर बसून ती पाय लांब करणार, लेकरू नडग्यांवर पालथं घालणार, आणि चुलीवरच्या गुंडातलं, म्हणजे हंड्यातलं, पाणी कोपरानं बघून अंगावर सोडणार. डाळीचं पीठ, हळद, साय. मग शेणीच्या निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी. तो धूर कौलांतून वर निघाला की आळीला कळायचं, कोणाकडे पाळणा हलला. तेव्हा आम्हाला फेसबुक लागत नव्हतं, नाक पुरायचं.

नाकावरून आठवलं. लेकराचं नाक रोज चिमटीत धरून ओढायचं, म्हणजे सरळ येतं, असा तिचा हिशेब. माझं चपटं राहिलं त्याचा दोष ती अजून माझ्या आजीला देते. "तुया आजीनं मधातच उचलून नेलं वं तुले. नाक अर्धंच झालतं."

आणि तिचं ते लेकरांशी बोलणं! "कारे भाड्या, बोंबलून काऊन राह्यला? तुया बापबी असाच बोंबलत होता, अन् आता पाह्य, तुया मायसमोर तोंडातून शब्द निघत नाई त्याच्या." बाप तिथंच टॉवेल घेऊन उभा असायचा. लेकरू गप्प व्हायचं, बापही.

स्वतःचं लेकरू तिला झालं नाही. ती कधी त्याबद्दल रडली असेल तर भिंतीतून मला तरी ऐकू आलं नाही. पण एक दिवसाचं लेकरू तिला मिळालं होतं, आणि तो दिवस ती मला इतक्यांदा सांगते की मला तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटतो.

ती नवी नवरी होती. समोरच्या शकुंतलाबाईची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरं झालं तेव्हा जुन्या बाया म्हणाल्या, सटवाईला फसवल्याशिवाय हे टिकत नाही. मग रीत केली. शकुंतलाबाईनं लेकरू सुपात घातलं, उकंड्यावर ठेवलं, आणि पाठ फिरवून चालती झाली. म्हणजे हे कोणाचंच नाही, कचरा आहे, याच्याकडे काय बघायचं, असं सटवाईला वाटावं. ठरल्याप्रमाणे आनंदामाय "सहज" तिकडून आली. "अगं बाई, कोनाचं वं हे? कोनाचंच नाई? मंग माह्यं!" असं मोठ्यानं म्हणून पदराखाली घेऊन घरी आली. संध्याकाळी शकुंतलाबाई विकत घ्यायला आली. किंमत सूपभर कोंडा. आनंदामायनं दारातच घासाघीस केली. "एवढ्याशा कोंड्यात नाई देत. पाह्य कसं गोरंगोमटं आहे." शकुंतलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुठं हसून दिलं.

"देऊन टाकलं," ती सांगते, "पन दिवसभर थे माह्यंच होतं. कायदेशीर."

लेकरू टिकलं. नाव उकंडराव पडलं. अशा नावांची तेव्हा काही कमी नव्हती. शाळेच्या हजेरीत कोंडबा, दगडू, धोंडी, फकिरा सगळे रांगेनं बसायचे, आणि सगळे ठणठणीत. आता गोड गोड नावांची पोरं महिन्यातून दोनदा दवाखान्यात असतात.

पण उकंडरावाला ते नाव बोचायचं. मास्तरांच्या हातापाया पडून शाळेतच रूपराव करून घेतलं. पुढं खाकी चढली, खांद्याला तिकिटांची पेटी आली. आणि एक दिवस वर्धा-आंजी गाडीत, भर बाजारच्या गर्दीत, शकुंतलाबाई चढली आणि मागून ओरडली, "उकंड्याऽ, माही तिकीट फाडू नको रे बाप्पा, माह्याजवळ पास आहे!" गाडी सेलूच्या बाजारासारखी हसली. रूपरावांनी पुढच्याच महिन्यात कारंजा घाडगेच्या गाडीवर ड्यूटी मागून घेतली. आई गेली, त्यानंतर ते नाव आळीत कोणी घेईना. आनंदामायला त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, "काकू, तेवढं नाव नका घेऊ." आधी माय म्हणायचे, मग काकू झाली. तिनं तेही ऐकलं.

आता पुण्याकडे वळू. 'विदर्भातील न सुटलेली कोडी' नावाचा एक ग्रुप आहे. नोकरीसाठी इकडून तिकडे गेलेली मंडळी जेवण झाल्यावर त्यात खून सोडवतात. मागच्या आळीतल्या मयुरीनं कॉलेजच्या कामासाठी आनंदामायच्या जुन्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. कोणीतरी त्यातला एक तुकडा कापून तिथं टाकला. त्यात आनंदामाय खदखदा हसते आणि म्हणते, "दोन आधीच गेलते... तिसरं उकंड्यावर टाकलं... सूप... कोंडा... सटवाईलेबी पत्ता लागू देल्ला नाई."

झालं. एकानं ऐकलं, 'सूप' नाही, 'सुपारी' आहे. दुसऱ्यानं ऐकलं, 'कोंडा' नाही, 'कोंडलं' आहे. तिसऱ्यानं सटवाई ही मुख्य साक्षीदार धरून तिचा शोध सुरू केला. सध्या कुठं राहते, जिवंत आहे का. नागपूरच्या एका बाईंनी त्या हसण्याचं विश्लेषण केलं, की असं हसणं पक्क्या गुन्हेगाराचंच असतं. कोणीतरी आमच्या आळीत येऊन उकंड्याचा फोटोही काढून नेला आणि एका काळ्या वस्तूभोवती लाल गोल ओढला: 'अवशेष?' ती माझी फुटकी बादली होती. मयुरीनं बिचारीनं पूर्ण रेकॉर्डिंग टाकलं. पण पूर्ण ऐकायला कोणाला वेळ आहे? खून सोडवायचा असतो.

खाली शेकडो लोकांनी त्या अनाम बाळासाठी मेणबत्त्या लावल्या. त्यात एक ओळ अशी होती: 'भावपूर्ण श्रद्धांजली. रूपराव, आंजी (मोठी).' रूपरावांची सवयच ती. ऐकायचं नाही, बघायचं नाही, मेल्याची बातमी दिसली की हात जोडायचे. स्वतःच्या मरणाला एवढ्या तत्परतेनं हजर राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. नंतर त्यांनी ऐकलं असावं, कारण दोन दिवस ते कॅरमला आले नाहीत.

मला हसू येत होतं, पण ते पुढं टिकलं नाही. आनंदामायला बोलावणी येणं बंद झालं. जुन्या माणसांना खरं ठाऊक होतं, पण रूपरावांखातर ती बोलेनात, आणि नव्या सुनांना फोनच खरा. पाटलांच्या नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेनं सांगितलं, आम्ही टब आणला. दुसरीनं सांगितलं, डॉक्टर नको म्हणाले. आनंदामाय तेलाची वाटी घेऊन ओट्यावर बसायची आणि मला विचारायची, "गावात पोरं होनं बंद झाली काय वं?"

शेवटी मीच सांगितलं. ती आधी हसली. "म्हंजे उकंड्याले म्या मारलं?" मग म्हणाली, "त्याले काही बोलजो नको. त्याले त्या नावाची शरम वाटते."

"अन् तुमाले काय वाटते?" मी विचारलं. तिनं वाटीवर झाकण ठेवलं.

अशातच रूपरावांची सून अंकिता बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण देवळीला तिच्या आईच्या घराची डागडुजी चाललेली, म्हणून माहेरच उठून इकडं आलं. आई ज्योत्स्नाताई सामानासुमानासकट, आणि हातात फोन. मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणला त्या सकाळी आनंदामायनं न सांगता दारातली चूल पेटवली, गुंड चढवला. रूपरावाचा नातू म्हणजे तिच्या हिशेबानं कायदेशीर तिचाच.

मी मेथीचे लाडू घेऊन गेले. लाडू हे निमित्त, हे सगळ्यांना माहीत आहे.

"न्हाऊ घालाले आनंदामायले आवाज देऊ का?" मी विचारलं.

ज्योत्स्नाताईंनी फोन पुढं केला. "त्या बाईच्या हातात लेकरू? माह्या जिवात जीव असेपर्यंत नाई. ग्रुपवर सगळं आहे. तुमी आळीतल्या बायांनी लपवलं, मी नाई लपवनार."

रूपराव पेपराआड होते. पेपर उलटा होता.

"काय रूपरावभाऊ," मी म्हटलं, "तुमी तर इथलेच. थो पोरगा आठवत असन ना तुमाले?"

पेपर खोकला. अंकिताचा नवरा, आदेश, बापाकडं बघत राहिला होता. त्यालाही ठाऊक नव्हतं बरं का, सांगतो कोण?

समोरच्या ओट्यावर आनंदामाय बसलेली सगळ्यांना दिसत होती. आमचं बोलणं तिला ऐकू गेलं असणारच. आमच्या आळीत कुजबुज असली तरी पलीकडच्या चौकात पोचते. ती उठली. आत जाऊन फडकं आणलं, आणि चुलीवरचा गुंड उतरवायला दोन्ही हात घातले.

रूपरावांनी पेपर खाली ठेवला.

"ताई, थो पोरगा मीच आहो."

"कोनता पोरगा?"

"मेलेला."

ज्योत्स्नाताईंनी त्यांच्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं, पुन्हा त्यांच्याकडं. "पन भाऊ... तुमी तर त्याले श्रद्धांजली देल्ली ना इथं!"

"न ऐकता देल्ली."

माझ्या घशात लाडू अडकला. मला पाणी द्यायला कोणी उठलं नाही, कारण रूपराव उठले होते. अनवाणी आळीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. अख्खा जन्म 'चला, मागचे पुढं सरका' म्हणून तासलेला तो आवाज त्यांनी काढला, आणि कौलांवरची कबुतरं उडाली.

"मायऽ! गुंड उतरवू नको! उकंड्याचा नातू न्हायचा आहे!"

दारादारांतून डोकी बाहेर आली. आनंदामायनं गुंड तसाच चुलीवर ठेवला, एक लाकूड आत सारलं, आणि पदरानं तोंड पुसलं. धूर डोळ्यांत गेला, म्हणाली. धूर उलट्या दिशेला जात होता, पण जाऊ दे.

आदेशनं बापाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. 'मी उकंडराव. मी जित्ता आहो. मले कोनी मारलं नाई.' त्यावर लगेच उत्तरं आली. हा व्हिडिओ बनावट आहे. म्हातारा भाड्यानं उभा केला आहे. आधारवर रूपराव कसं? एका बाईंनी लिहिलं, खऱ्या बाळाला न्याय मिळेपर्यंत आम्ही थांबणार नाही.

ग्रुप चालवणारा राकेश नावाचा मुलगा मूळचा कारंज्याचाच. तो जरा बरा निघाला. त्यानं दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल केला, थेट न्हाणीच्या वेळेला. नातू आनंदामायच्या पायांवर पालथा, ज्योत्स्नाताई पाणी विसणून देत होत्या, रूपराव टॉवेल धरून उभे, धुरीचा निखारा मी फुंकत होते. ओव्याच्या वासानं मला माझी आजी आठवली, शकुंतलाबाई आठवली, सगळी मेलेली माणसं आठवली, जी खरोखर मेली होती. आदेशनं फोन आनंदामायसमोर धरला.

"आजी," राकेश अगदी गंभीरपणे म्हणाला, "बाकी काही विचारत नाही. फक्त एवढं सांगा, त्या बाळाचं पुढं नेमकं काय झालं?"

आनंदामायनं नातवाचं नाक चिमटीत धरलं, ओढलं, आणि वर न बघता म्हणाली, "काय होते? रिटायर झालं."