बाटलीभर खाडी

धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसून माझी लेक खाडीचं पाणी बाटलीत भरत होती. हातात मोजे. मी बाटली धरायला पुढे झाले, तर ती ओरडलीच, "आई, हात नको लावूस! सकाळी बांगडे साफ केलेस ना? इथे नसलेला बांगडा उगाच माझ्या पाण्यात दिसेल."

एवढे घासून धुतलेले हात! मी ते पदराआड घेतले.

बाटलीत मासा एकही नव्हता. पण मासा नुसता पोहून गेला, तरी त्याच्या अंगाचा कण पाण्यात राहतो म्हणे, आणि प्रयोगशाळेत त्या कणातल्या डीएनएवरून कोण येऊन गेलं ते कळतं. मी हिरवट पाण्याकडे बघत राहिले. केव्हाच निघून गेलेल्या बोयी, तांबोशा अजून तिथेच संथपणे फिरत आहेत, असं वाटायला लागलं.

"माणसांचं कळतं का गं?"

"कळतं. पण ते आम्ही सोडून देतो."

"आणि टिकतं किती?"

"थोडे दिवस. मग विरून जातं."

बाटली बंद करून तिने मोजे काढले, खाडीतच हातपाय धुतले आणि पुण्याची गाडी पकडायला निघून गेली.

भरती चढत होती. ती वळणाआड गेल्यावर मी त्याच पायरीवर बसले आणि बांगड्याच्या वासाचे हात कोपरापर्यंत पाण्यात सोडले. थोडे दिवस का होईना, आम्ही दोघी एका पाण्यात.