बबनरावांच्या तीन वायरी

आमच्या शेजारचे बबनराव राजूरच्या कोळसा खाणीत बत्तीस वर्षं इलेक्ट्रिकच्या कामावर होते. तिथं ते शिडी धरत. वर चढलेला माणूस काय करतो, ते खालून जेवढं दिसतं तेवढं त्यांना सगळं येतं. मारेगावकडच्या आमच्या गावात एवढं येणारा दुसरा कोणी नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी पीठगिरणी टाकायचं काढलं. वणीहून दहा हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर आणली. घरात मीटर सिंगल फेजचं. त्यावर पंखा फिरतो, मिक्सर फिरतो. ही मोटर नुसती घूं करून जागीच बसली.

"तिघांचं वझं एकट्याच्यानं उचलते काय?" बबनराव म्हणाले, आणि त्यांनी थ्री फेजचा अर्ज टाकला.

गिरणीसाठी त्यांच्या बायकोनं, मैनाबाईनं, समोरच्या खोलीतल्या आपल्या चार बकऱ्या बाहेर टिनाखाली नेल्या. कनेक्शन यायला आठ महिने लागले. टिन गळकं. त्या पावसाळ्यात बकऱ्यांपेक्षा मैनाबाई जास्त भिजल्या. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, लाईन आल्यापासून आठ दिवसांत बारीक पीठ पडलं तर ठीक, नाही तर मोटर बाहेर आणि बकऱ्या आत.

सोमवारी लाईनमन पुंडलिकराव जोडणी करून गेले. पहिला डबा माझा, ज्वारीचा. घरी येऊन उघडला तर पीठ नाही, भरडा. मी ही गोष्ट गल्लीत कोणाला सांगितली नाही. कोपऱ्यावरच्या रुपीबाईला तेवढी सांगितली. संध्याकाळपर्यंत अकरा बाया भरडा पाहून गेल्या.

बबनरावांनी जात्याचा दगड काढला, त्याला छिन्नीनं नवे टाके मारले. दोन दिवस त्यात गेले. पुन्हा भरडा. गुरुवारी पुंडलिकराव रस्त्यानं जात होते, ते खिडकीशी थांबले.

"बबनभाऊ, मोटर उलटी फिरून राह्यली, म्हणून भरडा पडते. दोन वायरींची अदलाबदल कर, सुलटी होते."

"बत्तीस वर्षं काढली खाणीत. मले कायले सांगतं?"

"मंग कोणाले सांगू? मोटरीले?"

ते गेल्यावर बबनरावांनी मेन बंद केला आणि स्टार्टरचं झाकण उघडलं. काम अर्धवट सोडणारा हा माणूस नव्हे. त्यांनी तिन्ही वायरी बदलल्या. पहिलीच्या जागी दुसरी, दुसरीच्या जागी तिसरी, तिसरीच्या जागी पहिली. मोटर उलटीच फिरली. बबनराव खूश झाले.

"पाह्यलं? वायरीचा दोषच नाही."

तरी शुक्रवारी आणि शनिवारी त्यांनी पुन्हा तसंच करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला सगळ्या वायरी मूळ जागी आल्या. मी खिडकीतून मोजत होतो. सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं नाही. रविवारी बबनराव मोटरीसमोर नुसते बसून होते. जेवायलाही उठले नाहीत.

सोमवारी सकाळी मैनाबाई बकऱ्या बांधायचा खुंटा घेऊन खोलीत आल्या. मी डबा न्यायच्या निमित्तानं दारातच होतो.

"पुंडलिकभाऊनं किती वायरी सांगतल्या होत्या?"

"दोन."

"तुमी किती बदलवल्या?"

"तीनही. अर्धं काम मी करत नाही."

मैनाबाईंनी खुंटा खाली ठेवला. "बचत गटात आमी गोल बसतो. साऱ्याच जणी एकएक जागा सरकल्या, तं उजव्या हातची शेजारीण तेच राह्यते. काही फरक पडते काय? दोघींनीच जागा बदलवली तं फरक पडते. एकीले बसू द्या जागेवर."

बबनराव उठले, मेन बंद केला, दोन वायरी काढल्या, त्यांची अदलाबदल केली. तिसरीपासून हात असा दूर ठेवला, जणू ती पाहुण्यांची आहे.

मोटर सुलटी फिरली. मैनाबाईंनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं, पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. मग खुंटा उचलून बाहेर गेल्या. बबनराव त्यांच्या मागोमाग टिन नीट करायला गेले, न सांगता.

आता गिरणी रोज चालते. डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला बबनराव थांबवून समजावतात की दोन वायरी बदलवणं कोणालेही जमते, तिसरीले हात न लावणं, याले अनुभव लागते. परवा त्यांनी हे पुंडलिकरावांनाही समजावलं. पुंडलिकरावांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. त्यांचे गहू अजून दळायचे होते.