टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

मी फौजेत व्हेइकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो आणि साकोलीला घरी आलो. शेवटची पोस्टिंग उत्तरेतल्या एका डोंगरी वर्कशॉपमध्ये. तिथे आमच्या नाकाडोंगरीचा नायक तुळशीराम ड्रायव्हर होता. त्याचं एकच म्हणणं असायचं : पेन्शन लागली की जुनी जीप घेईन आणि बायकोला तिच्या माहेरी, अड्याळला, ऐटीत नेईन. एका सकाळी रेशन पोचवून परतताना दरड कोसळली. तुळशीराम गाडीसकट दरीत गेला.

जीप मग मी घेतली. भंगारातली, पेट्रोलवाली. टाकीतला गंज काढला, पाईप बदलले, कार्बोरेटर धुतला. आणि नाकाडोंगरीला जाऊन तुळशीरामच्या बायकोला, शेवंतावहिनींना म्हटलं, चला अड्याळला. त्या पूजेचं ताट घेऊनच बाहेर आल्या. तेलात कालवलेला शेंदूर बॉनेटला लावला आणि टाकीच्या झाकणालाही, चांगला जाड. गाडी पेट्रोल इथूनच पिते, म्हणजे तिचं तोंड हेच, असा त्यांचा हिशेब. मला तो पटला.

तुमसर यायच्या आत गाडी बंद पडली.

फौजेची शिकवण अशी की अंदाज मारायचा नाही, क्रमानं तपासायचं. पहिली तपासणी : टाकीत पेट्रोल आहे का? झाकण उघडलं. आतून सुस्कारा आला. ऊन होतं, वाफ असेल म्हटलं. काडी बुडवून पाहिली, पेट्रोल भरपूर. मग फिल्टर काढून साफ केला. गाडी सुरू. वहिनींना मी तुमसरपर्यंत फिल्टरचं महत्त्व सांगितलं.

भंडाऱ्याच्या अलीकडे पुन्हा बंद. झाकण, काडी, पेट्रोल आहे. या वेळी पंप खोलला. गाडी सुरू. आता पंपावर लेक्चर झालं. भंडारा सोडल्यावर तिसऱ्यांदा बंद. झाकण, काडी, आणि पंप तापला म्हणून त्यावर ओला टॉवेल. गाडी सुरू. तेवढ्यात वहिनींच्या भावाचा फोन आला. गाडी चालून राहिली का ढकलून राहिले, असं त्यानं विचारलं. मागून येणारी एसटी वहिनींना आरामात अड्याळला सोडणार होती. पण त्या एसटीत बसल्या असत्या, तर तुळशीरामचा शब्द माझ्या हातून पडला असता.

चौथ्यांदा गाडी थांबली तेव्हा झाकण आणि काडी झाल्यावर मी रस्त्याकडेला चादर अंथरली आणि कार्बोरेटर खोलायला बसलो. वहिनी बाभळीखाली बसून पाहत होत्या.

"भाऊजी, एक विचारू काय?"

"विचारा."

"तुमी दर खेपेले आधी झाकण खोलता. मंग गाडी सुरू होते. तं बाकीचं कायले खोलता?"

पाना माझ्या हातातच राहिला. झाकणाला बारीक भोक असतं. त्यातून हवा आत गेली तरच पेट्रोल पुढे जातं. त्या भोकावर वहिनींचा शेंदूर वाळून घट्ट बसला होता.

आणि हे मला आधी एकदा सांगून झालं होतं. बर्फात तुळशीरामची गाडी अडली होती. मी वायरलेसवर फिल्टर बघ, पंप बघ असं बजावत होतो. पलीकडून त्याचा आवाज आला.

"झाकण खोललं. गाडी सुरू. ओव्हर."

"कारण सांग. ओव्हर."

"भोक बर्फानं बुजलं होतं, उस्ताद. तिले बी श्वास लागते. ओव्हर."

सगळं वर्कशॉप हसलं होतं. मी हे वहिनींना सांगितलं. त्याही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. देवाचा शेंदूर खरवडायला माझा हात धजेना. त्यांनी पदराची पिन काढली आणि स्वतःच भोक मोकळं केलं.

"तिले बी श्वास लागते," त्या पुटपुटल्या.

त्यानंतर जीप अड्याळच्या दारातच थांबली. भाऊ बाहेर उभा होता. चेष्टा करायला आलेला, पण गाडी पाहून नरमला. "पोचवलं बा तुमी," मला म्हणाला.

वहिनींनी उतरता उतरता झाकणावर हात ठेवला.

"चालवली भाऊजीनं," त्या म्हणाल्या. "पन मले आनलं आमच्या घरच्यायनंच."

मी बॉनेट पुसायचं निमित्त केलं आणि पोटभर रडलो.