बाजूला बसायचे चार दिवस

द्वारकाबाईला बद्रीनाथनं खरं तर फार थोडं ओळखलं होतं. तीस वर्षं तिच्या हातची भाकर खाल्ली. पण तिला स्वतःला काय आवडायचं, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. निवांत बसलेली ती त्याला आठवायची ती महिन्यातल्या चारच दिवसांत, आणि तेव्हा तिच्याजवळ जायची सोय नव्हती.

तीर्थपुरीच्या त्यांच्या घरात पाळीच्या दिवसांत बाजूला बसायची रीत कडक होती. चूल नाही, पाणी नाही, जातं नाही. चुलीचं सासूनं बघायचं. द्वारकाबाई गोठ्याच्या वळचणीला पोतं टाकून जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसायची. बैल सोडायला आलेला बद्रीनाथ दुरूनच म्हणायचा, "राणीसायेब, बरं हाय तुमचं."

"या मंग, तुमीच बसा," ती सुईवरची नजर न काढता म्हणायची.

शेहेचाळिशीत पाळी गेली. सासू गोजरबाईनं देवापुढं नारळ फोडला. "सुटलीस बाई. आता बारा म्हैने देवाचं कर, चुलीचं कर. माझेबी हात थकले." घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. अर्धी शिवलेली गोधडी घडी घालून उतरंडीमागं गेली.

दोनेक वर्षांत तिला दम लागू लागला. बद्रीनाथला ते दिसायला हवं होतं. पण त्याच्या मते काळजाचा आजार म्हणजे पुरुषांचा. त्याचा बाप खळ्यावर छाती धरून कोसळला होता, तेव्हापासून तो स्वतःच्याच छातीवर पहारा ठेवून असे. वांगं बाधलं तरी हात छातीवर जायचा. मग द्वारकाबाई हातातलं काम टाकून तेल कोमट करायची आणि त्याची छाती चोळून द्यायची. चोळता चोळता थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा चोळायची.

तिचं दुखणं जबड्यात, कधी पाठीत. जबडा म्हणजे दाढच, असं धरून तो तिला परतूरला हकिमाकडं घेऊन गेला. बैलगाडी खाली सोडली आणि दोघं हकिमाच्या घराची चढण पायी चढली. तो पुढं, ती मागं. मागं ती किती वेळा थांबली, हे त्यानं वळून पाहिलं नाही.

हकीम गुलाम नबी म्हातारा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी विचारलं, "चढताना दम लागतो का, बाई?"

द्वारकाबाई पदर तोंडाशी धरून मागं उभी होती. परक्या पुरुषाला बाईनं उत्तर द्यायचं नसे, ते नवऱ्यानं द्यायचं.

"दम कशाचा, हकीमसाब? बैलावानी काम करून राह्यली. तुमी दाढंचं बघा."

"थकवा?"

"बिलकुल न्हाई."

"पटेल, बाईला बोलू द्या की जरा."

"ती काय बोलनार?"

हकिमानं लवंगेचं तेल दिलं. त्यानं उतार पडेना, तेव्हा पुढच्या बाजारी बद्रीनाथनं दात काढणाऱ्यापुढं तिला बसवलं आणि धडधाकट दाढ उपटून घेतली. परतताना ती गाडीत गाल धरून बसली होती. "आता बराबर होईल," तो म्हणाला. तिनं मान हलवली.

महिनाभरानं, एका दुपारी, ती जात्यापाशी भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. हात छातीवर नव्हता, मांडीवर होता. दृष्ट लागली, असं शेजारणी म्हणाल्या, आणि बद्रीनाथनंही ते मानलं.

पुढं पंचवीस वर्षांनी भुजंगच्या, म्हणजे त्याच्या मुलाच्या, बायकोला दम लागू लागला, तेव्हा तो तिला जालन्याला मस्तगडातल्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेला. प्रश्न सुनेला, उत्तर याचं.

"बाबा, तुम्ही गप बसा. त्यांना बोलू द्या."

सून बोलली. पुष्कळ बोलली. मग डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "पाळी चालू असते तोवर बाईच्या अंगात एक रस तयार होतो. तो काळजाच्या स्नायूला, रक्ताच्या नळ्यांना सांभाळून असतो. पाळी गेली की तो आटतो. आणि बाईची कळ छातीतच येईल असं नाही. पाठीत येते, जबड्यात येते, कधी नुसता थकवा."

"जबड्यात?" बद्रीनाथनं विचारलं.

"हो, बाबा. जबड्यात."

तो बाहेर येऊन पायरीवर बसला. द्वारकाबाईच्या काळजाचा टेकू निघाला तेव्हाच तिचे बसायचे चार दिवसही गेले होते, आणि घरात त्याच आनंदानं नारळ फुटला होता. हकिमाला ती काय म्हणाली असती, हे आता त्याला कोण सांगणार?

त्याला आठवलं ते ती गेली त्या दिवशीच्या सकाळचं बोलणं. तो परतूरला निघाला होता. तिनं उतरंडीमागची गोधडी काढून मांडीवर घेतली होती.

"आवं, येताना जाड सुई आना. हिचं नेढं मोडलं."

"आता कव्हा शिवतीस?"

"बघू. जरा बसावं वाटून राह्यलंय."

"दोन आनतो," तो म्हणाला.