मुलीच्या हातात खुरपं मी दिलं

स्टेजवर माझी मुलगी उभी होती. अंगावर माझी जुनी साडी, गुडघ्यापर्यंत खोचलेली. डोक्याला टॉवेल. हातात खुरपं. तिच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला वकील. आठवीच्या मुलांचा निरोप समारंभ होता आणि मागच्या कापडावर लिहिलं होतं, 'मोठेपणी मी कोण होणार'.

शाळा समितीचे अध्यक्ष तात्या माईक घेऊन एकेकाला विचारत होते. माझ्या साक्षीपाशी आले. तिला काही विचारलंच नाही. पालकांकडे तोंड करून म्हणाले, "हिला कशाला पायजे नववी? हिची नोकरी आत्ताच पक्की. सुट्टी लागली का आमच्या मळ्यात हजर व्हायचं."

सगळा मांडव हसला. शाळेच्या बाई हसल्या. पहिलीची पोरंसुद्धा हसली, त्यांना तर काही कळलंही नव्हतं. शाळेची खिचडी मी शिजवते, म्हणून मागे पातेल्यांजवळ उभी होते. मीही हसले. पदर तोंडाला लावून, पण हसले. तात्यांनी विनोद केला की आम्ही हसतो, ती आमची सवयच.

नेमकं तेव्हाच साक्षीनं माझ्याकडे पाहिलं.

आम्ही वरचे, पश्चिमेच्या डोंगरातले. तिकडे भात आणि नाचणी. भाताची कामं उरकली की खाली ओतूर-डिंगोऱ्याच्या पट्ट्यात बागायतीवर मजुरीला यायचं, हे माझ्या आईबापांपासूनचं. मी आणि नवरा एका वर्षी आलो ते परत गेलोच नाही. तो तात्यांचा ट्रॅक्टर चालवतो. राहायची खोली तात्यांच्या मळ्यात. शाळेतलं माझं काम तात्यांच्या शब्दावर. मीठ सोडलं तर आमच्या घरात सगळं तात्यांचंच.

समारंभाच्या आधी बाईंनी मला बोलावून घेतलं. बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, कोटबिट आणायचा खर्च तुम्हाला नको, घरात आहे तेच घालून पाठवा. श्रमाला प्रतिष्ठा असते हे पोरांना दिसलं पाहिजे. मला उलट बरं वाटलं. साक्षीला सांगितलं तर ती म्हणाली, मला गुरांची डॉक्टर व्हायचंय. हे मला माहीत होतं. गोठ्यात डॉक्टर आले की ही हातातलं टाकून पळायची. म्हैस विताना अडली होती तेव्हा गरम पाण्याची बादली घेऊन त्यांच्याशेजारी उभी, हलायला तयार नाही. तरी मी म्हणाले, बाईंपेक्षा तुला जास्त कळतं का?

साडी मी धुतली. मीच नेसवली. खुरपं राखेनं घासून चकचकीत केलं, फोटोत चांगलं दिसावं म्हणून. ती रडली तर तोंड पुसून पुन्हा पावडर लावली.

डॉक्टरचा कोट तात्यांच्या नातवाच्या अंगावर होता. हे पोरगं गोठ्याच्या दारातसुद्धा नाकाला रुमाल लावतं. त्याला मी नावं ठेवत नाही, लेकरूच ते. खुरप्याचीही मला लाज नाही, त्याच्यावरच आमचं पोट भरलं. पण श्रमाला एवढी प्रतिष्ठा आहे, तर ते खुरपं नातवाच्या हातात का नाही दिलं? हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

घरी आल्यावर साक्षीनं साडी सोडली, घडी घातली, आणि मला विचारलं, "तात्यांचं सोड. तू का हसलीस?"

मी म्हणाले, मोठ्या माणसांची गंमत असते, मनाला लावून घ्यायचं नसतं.

ती म्हणाली, "तू हसलीस म्हंजे तुलाबी तसंच वाटतं. मंग खरंच आसंल."

त्यानंतर ती नववीचं नाव काढेना. शाळेतून दाखला आणायला जाऊ म्हटलं तर मान फिरवायची. मला सातवीनंतर माझ्या आईनं भाताची रोपं लावायला, आवणीला नेलं, पुढं शाळा राहिली ती राहिलीच. पण आई तेव्हा हसली नव्हती. तिनं निदान डोळ्यांत पाणी आणलं होतं. मी तेवढंही केलं नाही, याचा सल अजून बोचतो. भाकरी थापतानाही बोचतो.

मे महिन्यात तात्यांची बायको, काकू, खोलीच्या दारात आली. म्हणाली, टोमॅटोची बांधणी काढलीये, सोमवारपासून पोरीला धाड. "ह्यांनी शाळंत सांगितलंच हाय की. तुमीबी व्हता तिथं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती गंमत नव्हतीच. चारचौघांत त्यांनी माझी मुलगी कामाला लावून टाकली होती, आणि मी हसून हो म्हणाले होते.

मी म्हणाले, "न्हाई यायची ती."

"मंग काय, डॉक्टर व्हनार व्हय?"

"व्हईल न्हाईतर न्हाई. पण नववीला जानार."

काकू खोलीकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. खोली कुणाची आहे, ते तिनं तोंडानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. साक्षी आत भिंतीला टेकून ऐकत होती. मला वाटलं, आता येईल, हात धरेल. ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी दाखला आणायला गेले. बाईंनी विचारलं, तात्यांच्या कानावर घातलंय का? मी म्हणाले, "पोरगी माझी हाय, बाई." त्यांनी खाली बघून सही केली. ओतूरला हायस्कूलमध्ये नाव घातलं. साक्षी सोबत आली, पण एसटीत माझ्याशेजारी बसली नाही.

आता खिचडीला दुसरी बाई बघतायत, असं कानावर आलंय. नवऱ्याला तात्यांनी दिवाळीपर्यंत खोली सोडा म्हणून सांगितलं. नवरा माझ्यावर चिडलाय. म्हणतो, एका पोरीपायी सगळ्यांना उन्हात आणलंस. आणलं. ओतूरला खोली बघू, नाही मिळाली तर पिंपरी पेंढारला बघू. मजुरी कुठंही मिळते, पाठ शाबूत आहे तोवर.

साक्षी माझ्याशी कामापुरतं बोलते. तिनं मला माफ करावं असं मी म्हणणार नाही. मीच स्वतःला केलेलं नाही. ती गुरांची डॉक्टर होईल की नाही, मला ठाऊक नाही. शिकता शिकता तिचं तिला कळेल, आणि ठरवायचं तेही तिनंच. तात्यांनी नाही, बाईंनी नाही, आणि मीही नाही. माझ्यावरचा राग डोक्यात धरून शिकली तरी चालेल. पण शिकायचं. आणि तिला मळ्यात न्यायला जो कुणी दारात येईल, त्याला आधी माझ्याशी भिडावं लागेल.