फिर्मिनने बारीक केलेलं गाणं

फिर्मिन डोबेलारेला जन्मात एकही गोष्ट धड जमली नाही, आणि हे त्याला कुणी तोंडावर सांगितलं नाही, हा सगळ्या गावाचा दोष. विणकामाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढून तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या जागी दुसरा माणूससुद्धा नेमावा लागला नाही. दुसऱ्या कुणी यातून काही बोध घेतला असता. फिर्मिनने कॉम्प्युटर घेतला.

वर्षभरात तो फिंचवाल्यांच्या मंडळाचा आवाजतज्ज्ञ झाला. कुणी केला नाही, आपला आपणच झाला. पश्चिम फ्लांडर्सच्या या गावांत उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळी रस्त्याच्या कडेला छोट्या लाकडी पेट्यांची रांग लागते. प्रत्येक पेटीत एक फिंच, चिमणीएवढं नर पाखरू. तासाभरात ज्याचं पाखरू जास्त वेळा गाईल तो जिंकला. पण गाण्याचा शेवट 'सुस्केवीट' असाच व्हायला हवा. शेवट घसरला, तर शेजारी बसलेला मोजणारा खडूची रेघ ओढत नाही. पिल्लं हा शेवट ऐकूनच शिकतात, म्हणून जुन्या नावाजलेल्या पाखरांची रेकॉर्डिंगं लोक सोन्यासारखी जपतात.

आणि ती सगळी हा गृहस्थ 'एका मापात' आणायला निघाला होता. मंडळाच्या बैठकीत बिअरचा पेला बाजूला सारून तो सांगायचा, "वेव्ह फाईल म्हणजे गाडाभर सामान. एमपीथ्री म्हणजे तेच सामान एका पिशवीत. शहाण्याने काय घ्यावं?" लोक माना हलवायचे, कारण मान हलवली की तो लवकर बसायचा.

गिरणीतल्या मागांनी त्याचे कान केव्हाच खाल्ले होते. बारीक, उंच आवाज त्याला येतच नसत. बायको रोझान तीन वर्षं कानयंत्र घे म्हणून मागे लागली होती. "म्हाताऱ्यांनी घालायची वस्तू ती," असं तो सत्तराव्या वर्षी म्हणायचा. देव अहंकाऱ्याला आंधळा करतो म्हणतात. याला बहिरा केला होता आणि वर आवाजतज्ज्ञ होऊ दिलं होतं.

गेल्या जुलैत गोडेलीव्ह लूटन्स त्याच्याकडे आली. तिचे वडील आखिएल चर्चमागच्या वृद्धाश्रमात असतात. त्यांचा फिंच 'केझर' एके काळी चार गावांत गाजलेला. तो मरून तीस वर्षं झाली. टेपवर त्याचं गाणं होतं; गोडेलीव्हच्या भाच्याने ते पेनड्राइव्हवर उतरवलं आणि त्याच आठवड्यात टेप तुटली. आता तेवढी एकच प्रत उरली होती.

"बाबांची एकच इच्छा राहिलीय," ती म्हणाली. "केझरचं गाणं एकदा जिवंत गळ्यातून ऐकायचं. डब्यातून नको म्हणतात. तुमच्याकडे यंदाची पिल्लं आहेत ना, फिर्मिन?"

"आहेत ना! दिवसभर वाजवतो. पण ही वेव्ह आहे, बाई. माझ्या छोट्या प्लेयरला चालायची नाही. एमपीथ्री करावी लागेल."

"त्यात काही जात नाही ना?"

"माणसाच्या कानाला जे कळतच नाही, तेवढंच जातं."

"आणि पाखराच्या कानाला?"

फिर्मिन पोट धरून हसला. "पाखराला काय कळतंय!"

ज्या गावात सगळी अब्रू पाखराला काय कळतं यावर टांगलेली, त्या गावातला हा माणूस. गोडेलीव्ह भाबडी, विश्वासाने पेनड्राइव्ह ठेवून गेली.

कॉम्प्युटरने त्याला चांगली-वाईट सहा मापं दाखवली. त्याने सगळ्यात लहान निवडलं, कारण बाकीची 'उधळ्या लोकांसाठी'. मग चरबीत बटाट्याचे फ्रिट चरचरत तळले जात असताना, स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर ती फाईल लावून तो ओरडला, "हुबेहूब!"

"तुला मी हाक मारलेली ऐकू येते का आधी?" रोझान म्हणाली.

"काय?"

"काही नाही. मीठ दे."

एकाच गाण्याच्या दोन प्रती म्हणजे पसारा, म्हणून पेनड्राइव्हवरची मूळ वेव्ह त्याने लगेच पुसून टाकली.

ज्या पिल्लाला त्याने ती एमपीथ्री दिवसभर ऐकवली, ते गुणी निघालं. जे ऐकलं ते त्याने घासून पुसून पाठ केलं. फेब्रुवारीत ते गायला लागलं तेव्हा रोझान भांडी विसळताना थबकली. "अरे, हे शेवटाला 'सुस्केफ्श्श' काय म्हणतंय? नळ गळल्यासारखं!"

फिर्मिनला फरक ऐकू आला नाही, पण रोझानचे कान शाबूत आहेत हे त्याला ठाऊक होतं. तो गुपचूप कॉम्प्युटरपाशी बसला आणि ती चेपलेली एमपीथ्री परत वेव्ह करून ठेवली. फाईल दहापट फुगली. त्याचा जीव भांड्यात पडला. दळलेल्या पिठाचे परत गहू होत नाहीत हे शेंबड्या पोराला कळतं. याने पिठात पाणी ओतलं, गोळा मोठा झालेला पाहिला आणि शेत पिकलं असं समजला. नवी फाईल पंधरा दिवस पिल्लाला ऐकवली. पिल्लू आपलं सुस्केफ्श्श.

ईस्टरआधी तो पापनिवेदनाला गेला. शिव्या दिल्या, उपवासात सॉसेज खाल्लं, एवढं फादरांना सांगून आला. गोडेलीव्हचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. उलट, बाहेर पडताना तीच भेटली, तर म्हणाला, "मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी बाबांना स्पर्धेला घेऊन ये. ऐकवतो."

तिने चाकांची खुर्ची ढकलत आणलं त्यांना. गुडघ्यांवर घोंगडी, अंगात रविवारचा कोट, दाढी गुळगुळीत. शिट्टी झाली. फिर्मिनच्या पेटीतलं पाखरू जीव तोडून गात होतं, एकामागून एक, श्वासही घेत नव्हतं. मोजणारा वाल्थेर खडू हातात धरून नुसता बसलेला.

"रेघ मार की रे!" फिर्मिन दबक्या आवाजात म्हणाला.

"कशाची मारू? शिंकतंय ते."

रांगेतले चारजण फिसकन हसले. आखिएल मान तिरकी करून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "हे कुणाचं पाखरू?"

"केझरचं गाणं आहे हे, आखिएल! तुमच्याच केझरचं!"

"नाही," म्हातारा शांतपणे म्हणाला. "केझर असा बोबडा नव्हता."

गोडेलीव्हचा चेहरा उतरला. "फिर्मिन, मूळ फाईल द्या. दुसऱ्या कुणाच्या तरी पिल्लाला ऐकवू. अजून वेळ आहे."

फिर्मिनने आधी टोपी सारखी केली, मग वाल्थेरकडे पाहिलं, मग पाखराकडे, जणू आता त्यानेच काहीतरी सांगावं. "मूळ... मूळ मी काढून टाकली. पण परत केलीय ना वेव्ह! पाखरूच मठ्ठ निघालं, त्याला मी काय करू?"

"काढून टाकली?"

"जागा खात होती."

तिने वाकून बाबांच्या गुडघ्यांवरची घोंगडी सारखी केली. आखिएलनी तिचा हात थोपटला.

"म्हणजे ते गाणं आता फक्त माझ्या डोक्यात राहिलं, पोरी," ते म्हणाले. "चल. मला आश्रमात परत ने."

खुर्ची वळली. फिर्मिन फोनवर उतरवलेली नवी फाईल पुढे धरून दोन पावलं मागोमाग गेला. "आखिएल, बघा तरी! दहापट मोठी आहे फाईल! दहापट!"