मावशींची मिरची आणि माझे दोन मासे

मासे पाळता येतात, हे आमच्या हिर्डोशीच्या रस्त्यावर अजून कुणी मान्य केलेलं नाही.

कॉलेजसाठी मी भोरला खोली घेऊन राहते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. खोलीत माझ्यासोबत सोनी आणि मोनी हे दोन सोनेरी मासे असतात. सुट्टीत खोली बंद होणार, म्हणून त्यांना गावी न्यायचं ठरलं. मी मोबाईलवर सगळं वाचून काढलं. आदल्या दिवशी खायला द्यायचं नाही, पाणी त्यांचं जुनंच घ्यायचं, डबा अर्धाच भरायचा, बाहेरून ओलं फडकं गुंडाळायचं. रंगाचा रिकामा डबा घासून घासून धुतला (साबणाशिवाय, तेही वाचलं होतं) आणि झाकणाला भोकं पाडली. मग घरी फोन केला, "आई, येताना मासे आणतेय. मोठं पातेलं रिकामं ठेव."

इतकी तयारी मी परीक्षेचीही केली नव्हती.

संध्याकाळच्या एसटीत मी डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारी बाजार करून निघालेल्या एक मावशी होत्या. पहिल्याच खड्ड्याला भोकांतून पाणी उडालं ते त्यांच्या लुगड्यावर.

"काय हाय गं डब्यात?"

"मासे आहेत, मावशी."

"आन् दिवेलागणीला तशीच निघालीस? कोळसा टाकलास का आत? मिरची?"

आमच्याकडे तिन्हीसांजेला मासळी-मटण उघडं नेत नाहीत. वाटेवरचं काहीतरी वासानं मागं लागतं म्हणतात. म्हणून पिशवीत कोळसा नाहीतर मिरची टाकायची. हे मलाही माहीत आहे, पण ते मेलेल्या माशांसाठी!

"मावशी, हे जिवंत आहेत. पाळलेत मी."

मावशींनी झाकण उचलून पाहिलं. "पाळल्यात? म्हंजे मोठं करून खायाचं?"

"खायचेच नाहीत. मी बी.एस्सी. करतेय."

"मग तर लईच जपाय पायजे. शिकल्याली पोर लवकर झपाटती." आणि त्यांनी पिशवीतून एक लाल मिरची काढून सरळ डब्यात टाकली.

आता इथे कुणीही ठणकावून बोललं असतं. पण मोठ्या माणसांना 'नको' म्हणायला माझी जीभच वळत नाही. मी मान खाली घातली, मावशी खिडकीकडे वळल्यावर कोपरापर्यंत हात आत घातला आणि मिरची बाहेर काढली.

"काढलीस व्हय?" मावशी न वळता म्हणाल्या. "आता दोन टाकाव्या लागत्यान."

त्यांनी दोन टाकल्या. पुढच्या सीटवरच्या एका सुतारकाकांनी मागं वळून सांगितलं, "मिरचीनं भागत न्हाई, लोखंड पायजे," आणि खिशातून खिळा काढून दिला. मला वाटलं, कंडक्टर तरी सरकारी माणूस आहे, तो आवरेल. तो वाकून म्हणाला, "मीठ न्हाई का कुणाकडं?"

सोनी एका अंगावर कलली होती. मी रस्ताभर मनातल्या मनात कडक शब्दांत बोलत होते. तोंडातून मात्र एवढंच निघालं, "बास आता, काका."

उतरल्यावर मिरच्या आणि खिळा झाडीत भिरकावले आणि डबा छातीशी धरून घरी पळाले. दारातच भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला. ओट्यावर वाटण तयार होतं. आप्पा विळीला धार लावत होते. आणि ओसरीवर मामा! खास जेवायला बोलावलेले.

आईनं डब्यात डोकावून पाहिलं. "येवढुसंच? ह्यात मामाचं काय व्हायाचं?"

"आई, हे पाळायचे आहेत. पातेलं त्यांना राहायला सांगितलं होतं."

"राहायला? आन् मी वाटण केलं, माणूस बोलावला, त्याचं काय करू? त्यालाबी पातेल्यात ठेवू?"

मामा शांतपणे म्हणाले, "राहू द्या. शिकल्यावर असं व्हतं."

मला रडूच आलं. मी हुंदके देत पातेल्यात आदल्या दिवसाचं शिळं पाणी ओतलं, त्यात दोघींना सोडलं आणि जाहीर केलं, की या घरात मी आज जेवणार नाही. माशांना जीव असतो, हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. कुणी ऐकलं नाही. आप्पा धरणाच्या पाण्यावर गळ टाकून बसणाऱ्या शेजाऱ्याकडं गेले होते.

तासाभरानं सोनी सरळ झाली आणि मोनीच्या मागं पोहायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. नेमकं तेव्हाच आईनं आप्पांनी आणलेल्या माशांचा गरम रस्सा आणि भाकरी माझ्यापुढं ठेवली.

मी तत्त्वाला धरून थांबले, रश्श्याचा वास नाकात पोचेपर्यंत. मग उठले, माशांना दिसू नये म्हणून पातेल्यावर टॉवेल टाकला, परत येऊन बसले आणि आईला म्हणाले, "मला डोक्याकडचा तुकडा वाढ."